पेशमर्गा आणि पेशवा

प्रश्न असा आहे: इराकमधल्या कुर्द सैनिकांना बातम्यांत 'पेशमर्गा' म्हणतात. त्यातला 'पेश' आणि 'पेशवा'मधला 'पेश' एकच का? आणि मराठीत हा शब्द चालवायचा कसा?

'पेश' एकच. अर्थ पुढे, समोर. फारसीतून तो आपल्याकडे पेशवा, पेशगी, पेशकार, 'पुरावे पेश करणे' असा आला. ('पेशा' मात्र वेगळ्या मुळाचा.) कुर्दी ही फारसीची बहीण, तेव्हा तिच्यात हा शब्द घरचाच. 'मर्ग' म्हणजे मरण. आपल्या 'मृ' धातूच्याच कुळातला. पेशमर्गा म्हणजे मरणाला सामोरा जाणारा.

प्रश्नकर्त्याला कदाचित ठाऊक नसेल, पण कुर्दांचाही एक पेशवा होऊन गेला. काझी मुहम्मद हे त्यांचं नाव. २२ जानेवारी १९४६ रोजी इराणच्या वायव्येकडील महाबाद शहरात, चवारचिरा चौकात त्यांनी कुर्द प्रजासत्ताकाची घोषणा केली. 'पेशवा' ही त्यांची पदवी. आपल्याकडे पेशवा हा छत्रपतींचा प्रधान. महाबादला वर राजाच नव्हता, तिथे पेशवा म्हणजे सरळ मूळ अर्थाने अग्रणी. 'पेशमर्गा' हा शब्द सैनिक या अर्थी रुळला तोही याच काळात असं मानलं जातं. शाळांतून कुर्दी शिकवली जाऊ लागली, 'कुर्दिस्तान' नावाचं वर्तमानपत्र निघालं. हे सारं सोव्हिएत फौजांच्या आडोशाने चाललं होतं. मे महिन्यात त्या फौजा परतल्या आणि डिसेंबरात इराणी सैन्य महाबादेत शिरलं. ३१ मार्च १९४७ रोजी काझींना त्याच चवारचिरा चौकात फाशी दिलं. चवार म्हणजे चार, चिरा म्हणजे दिवा, आपल्याला 'चिराग' म्हणून ओळखीचा. ज्या भाषेचे शब्द असे आपल्या कानाला लागतात, ती शाळेत शिकवण्यासाठी माणसांना राज्य उभारावं लागलं, याने मी दर वेळी अस्वस्थ होतो.

महाबादच्या बाजूने लढलेले इराकी कुर्द नेते मुस्तफा बारझानी पुढे सोव्हिएत संघात गेले, १९५८ साली इराकला परतले, आणि १९६१ पासून तिथला स्वायत्ततेचा लढा पेशमर्ग्यांनी लढवला. ११ मार्च १९७० चा स्वायत्ततेचा करार झाला, तो चार वर्षांत मोडला. २००५ च्या इराकी राज्यघटनेने कुर्दिस्तान प्रदेशाला मान्यता दिली आणि प्रदेशांना स्वतःचं रक्षकदल ठेवण्याची मुभाही दिली. म्हणून इराकच्या संदर्भात पेशमर्ग्यांना 'बंडखोर' लिहिणं आज चुकीचं ठरतं. ते तिथल्या प्रादेशिक सरकारचं अधिकृत दल आहे.

उलट चूकही होते: दिसेल त्या कुर्द लढवय्याला पेशमर्गा म्हणणं. हा शब्द इराकमधल्या आणि इराणमधल्या कुर्द पक्षांच्या सैनिकांचा. तुर्कस्तानातल्या पीकेकेचे (कुर्दिस्तान कामगार पक्षाचे) लढवय्ये स्वतःला 'गेरिला' म्हणवत. सीरियातल्या कुर्द दलांची नावंही निराळी, वायपीजी आणि स्त्रियांचं वायपीजे. चारही देशांतली मागणी स्वशासनाची असली तरी पक्ष वेगळे आणि त्यांच्यात आपसांत लढायाही झाल्या आहेत.

लेखनाचं म्हणाल तर 'पेशमेर्गा'पेक्षा 'पेशमर्गा' मूळ उच्चाराला जवळचं. एकवचनी पेशमर्गा, अनेकवचनी पेशमर्गे, सामान्यरूप पेशमर्ग्या-: मावळा, मावळे, मावळ्यांनी, तसंच.