मनाला उभारी देणाऱ्या आणि तरीही रंजक अशा अलीकडच्या कोणत्या कादंबऱ्या सुचवाल?

मन मरगळलेले असताना हाती घ्याव्यात अशा, गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील कादंबऱ्या आपल्याला हव्या आहेत. मराठी किंवा इंग्रजी कोणतीही चालेल, पण उपदेश नको, असे आपण लिहिले आहे. नावे सांगण्याआधी माझी निवड कशावर बेतलेली आहे ते सांगते. दुःखाचा वाराही न लागलेली पुस्तके खचलेल्या वाचकाला फार काळ धरून ठेवत नाहीत, असा माझा अनुभव आहे. उलट ज्या कादंबरीत दुःख खरे असते, पण ऐन त्याच वेळी कोणीतरी दार वाजवते, कोणाचे तरी काम अडलेले असते आणि ते करायला नायकाला उठावेच लागते, ती कादंबरी वाचून मन खरोखर हलके होते.

माझी पहिली शिफारस अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथ यांच्या 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' या १९९८ सालच्या कादंबरीची. लेखक झिम्बाब्वेत जन्मलेले, पुढे एडिनबरोमध्ये कायद्याचे प्राध्यापक झालेले. बोत्स्वानाच्या विद्यापीठातही त्यांनी शिकवले असल्याने तो देश त्यांनी आतून पाहिलेला आहे. खाणीत राबून छातीचा आजार जडलेले वडील मरताना मुलीला सांगतात की, माझी गुरे वीक आणि स्वतःचा धंदा काढ. त्यांच्या डोळ्यांपुढे एखादे दुकान असते. मुलगी मात्र गुप्तहेर संस्था काढणार म्हणते. अशी प्रेशस रामोत्स्वे ही बोत्स्वानाची राजधानी गाबोरोनमधली खासगी गुप्तहेर होते. दोन टेबले, दोन खुर्च्या, टेलिफोन, जुना टाइपरायटर आणि चहाची किटली, एवढाच तिचा संसार. पहिल्याच प्रकरणातील एक चौकशी मी अनेकांना सांगत आले आहे. एका बाईच्या घरी एक माणूस 'मी तुझा हरवलेला बाप' म्हणून येऊन राहतो आणि आयता खात बसतो. रामोत्स्वे परिचारिकेचा पोशाख करून त्याच्यापुढे उभी राहते, तुमच्या मुलीला अपघात झाला आहे आणि तिला वाचवायला बापाचेच रक्त हवे, इतके की कदाचित तुमचा जीव जाईल, असे सांगते. खरा बाप असता तर तयार झाला असता. हा मात्र लगेच आपले सोंग कबूल करतो. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, केवळ माणसांची पारख आहे. तरीही हे पुस्तक गोडगोड नाही. मारझोड करणारा नवरा, दगावलेले तान्हे मूल, पळवून नेलेला मुलगा हे सारे त्यात आहे, आणि म्हणूनच रामोत्स्वेच्या शांतपणावर विश्वास बसतो. आवडले तर काळजी नको; या मालिकेत वीसहून अधिक पुस्तके आहेत.

दुसरे नाव फ्रेडरिक बॅकमन या स्वीडिश लेखकाच्या, २०१२ साली आलेल्या 'अ मॅन कॉल्ड ओव्ह' या कादंबरीचे. इंग्रजी भाषांतर सहज मिळते. एकोणसाठ वर्षांचा ओव्ह रोज सकाळी वसाहतीत फेरी मारतो, गॅरेजची दारे ओढून पाहतो, पाहुण्यांच्या जागेत उभ्या गाड्यांचे नंबर टिपून ठेवतो आणि नियम मोडणाऱ्यावर डाफरतो. पत्नी सोन्या गेलेली, नोकरीही सुटलेली, आता जगण्यात राम नाही असे ठरवून तो मरणाची तयारीही तितक्याच टापटिपीने करू लागतो. त्याच सुमारास शेजारी नवे कुटुंब येते आणि त्या घरचा पुरुष ट्रेलर मागे घेता घेता ओव्हची टपालपेटी वाकवून टाकतो. शेवटी ओव्हच चिडून गाडीत बसतो आणि तो ट्रेलर नीट लावून देतो. त्या कुटुंबातील परवानेह ही मूळची इराणची, गरोदर बाई केशरी भात घेऊन येते, गाडी शिकव म्हणते, आणि ओव्हला मरायला सवडच मिळत नाही. जुना मित्र रूने आणि ओव्ह यांचे साब मोटार चांगली की व्होल्वो यावरचे वैर वाचताना आधी हसू फुटते, आणि मग या हट्टामागे दोघांच्या घरांत काय घडले होते ते कळल्यावर गळा दाटून येतो. यावर २०२२ साली टॉम हँक्स यांचा 'अ मॅन कॉल्ड ओटो' हा चित्रपट निघाला; तो पाहिला असला तरी पुस्तक वाचावे, कारण ओव्हच्या कुरकुरीची खरी गंमत निवेदनात आहे. मात्र आत्महत्येचे प्रयत्न या कथेत वारंवार येतात. आपले मन सध्या त्या विषयाने हळवे असेल, तर हे पुस्तक खुशाल पुढे ढकलावे.

मराठीत मी निःसंकोच प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकडे बोट दाखवीन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' हे काटेकोरपणे पाहता कथासंग्रह आहेत. पण एकाच मुलाच्या या कथा सलग वाचल्या की कादंबरीचेच समाधान मिळते. आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांकडे वाढणारा हा मुलगा बेळगावकडच्या कानडी वळणाच्या मराठीत विचार करतो, मैत्रीण सुमीसमोर गोंधळतो, आणि घरच्या आठवणीने एकदम गप्प होतो. त्याच्या डोक्यातील गणिते वाचताना आपणही त्याच्याएवढे होतो. मिलिंद बोकील यांची 'शाळा' आपण बहुधा वाचली असेल. नसेल तर अवश्य वाचावी. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, मित्रांच्या टवाळक्या आणि मुकुंदचे शिरोडकर या वर्गातल्या मुलीवरचे प्रेम भरपूर हसवते, पण शेवट चुटपुट लावून जातो, म्हणून ती मी आनंदाच्या यादीत थोडी मागे ठेवते.

रिचर्ड ऑस्मन यांची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) ही प्रवासात वाचण्याजोगी, एका खुनाचा तपास करणाऱ्या, वृद्धांच्या वसाहतीतील चौघांची गोष्ट आहे. एमोर टोल्स यांच्या 'अ जंटलमन इन मॉस्को' (२०१६) या कादंबरीला मात्र सवड हवी. १९२२ साली एका उमरावाला मेट्रोपोल हॉटेलाबाहेर पाऊल टाकायची बंदी होते, आणि पोटमाळ्यावरच्या खोलीत राहून, पुढे त्याच हॉटेलात वाढप्यांचा प्रमुख होऊन, तो दशकानुदशके रुबाबात जगतो. पहिली शंभरेक पाने सावकाश सरकतात; तेवढा धीर धरावा.

आपल्या मनःस्थितीत मी रामोत्स्वेपासून सुरुवात केली असती. इंग्रजी वाचायचा कंटाळा येत असेल, तर 'वनवास' घ्या आणि रोज झोपण्यापूर्वी एकच कथा वाचा.