तीनने भागलंस, इथवर ठीक

विषाणूच्या जीनोमच्या (त्याच्या सगळ्या जनुकीय मजकुराच्या) लांबीवरून तो किती प्रथिनं बनवतो, याचं काल मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर भेळेच्या कागदावर तू जे गणित मांडलंस, ते चूक नाही गं, फक्त अर्धं आहे. फाय-एक्स-174 या जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या डीएनएचे 5386 बेस (अक्षरं); तीन बेसला एक अमिनो आम्ल, म्हणून भागिले तीन, म्हणजे सुमारे 1795 अमिनो आम्लं. सरासरी प्रथिन 300 चं धरलं तर सहा प्रथिनं. प्रत्यक्षात आहेत 11, आणि त्यांची बेरीज सव्वादोन हजारांच्या वर जाते! 1977 मध्ये फ्रेडरिक सँगर या शास्त्रज्ञाच्या गटाने या बेसचा क्रम वाचला तेव्हा उलगडा झाला: जनुकं एकमेकांवर चढलेली असतात. ई (E) हे जनुक डी (D) च्या पोटात, पण वेगळ्या चौकटीत, म्हणजे तीन-तीनचे गट एक बेस सरकवून वाचलेले. आपल्या ठाणे लोकलमधली चौथी सीटच म्हण.

तेव्हा आधी ओआरएफ शोध, म्हणजे सुरुवातीच्या खुणेपासून थांबण्याच्या खुणेपर्यंत सलग वाचता येणारे पट्टे. 100 कोडॉनची (तीन बेसच्या गटांची) किमान मर्यादा मात्र डोळे मिटून लावू नकोस, ‘जे’ (J) नावाचं प्रथिन अवघं 38 अमिनो आम्लांचं आहे, ते निसटेल. शिवाय हा जीनोम गोल आहे. फाइल सरळ रेषेत वाचलीस तर ए (A) जनुक मध्येच तुटतं. यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवलीय.

उलटंही होतं, ओआरएफ कमी आणि प्रथिनं जास्त. पोलिओत मुख्य ओआरएफ एकच, पण ते लांबलचक प्रथिन नंतर कापून डझनभर तुकडे होतात. कोरोनातही लांब प्रथिन कापलं जातं, शिवाय रायबोसोम (प्रथिनं जुळवणारं पेशीतलं यंत्र) वाचताना एक बेस मागे घसरतो, म्हणून तिथे ओआरएफ मोजून भागत नाही, घसरण्याच्या आणि कापण्याच्या जागाही बघाव्या लागतात. आधी फाय-एक्स हाताने कर, कोरोना नंतर.