झुमरीतलैया नावाचे गाव खरोखर आहे का?

‘कुठल्या तरी झुमरीतलैयाहून आलेला दिसतो’ अशा वाक्यातले हे गाव खरे की कल्पित, आणि मराठीत त्याच्या जोडीचा शब्द आहे का, असा प्रश्न आहे.

गाव खरे आहे. ते झारखंडच्या कोडरमा जिल्ह्यात असून कागदोपत्री त्याचे नाव ‘झुमरी तिलैया’ असे आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८५ हजारांच्या वर भरली, म्हणजे जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या कोडरम्याहून ते कितीतरी मोठे आहे. दामोदर खोरे महामंडळाचे पहिले धरण, १९५३ साली सुरू झालेले बराकर नदीवरचे तिलैया धरण, जवळच आहे. तेव्हा त्याला क्षुल्लक खेडे म्हणणे हा निव्वळ अन्याय आहे.

‘कुठले तरी दूरचे, क्षुल्लक गाव’ हा अर्थ त्याला चिकटला तो रेडिओमुळे. १९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या (हे मराठीच) धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. पुढे १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. या केंद्रांवरच्या फर्माइशी कार्यक्रमांत गाणे लावण्याआधी श्रोत्यांची नावे गावासकट वाचून दाखवीत आणि त्यांत झुमरीतलैया हटकून असे. गाव अभ्रकाच्या व्यापाराचे. तिथल्या काही हौशी मंडळींना फर्माइशीची पत्रे धाडण्याचा नाद लागला, त्यांचे पाहून इतरांना लागला, आणि कोणाचे नाव अधिक वेळा वाचले जाते याची गावात चुरसच सुरू झाली.

नाव असे सारखे कानांवर पडे, पण डोळ्यांना दिसत नसे, कारण हावडा–गया–दिल्ली मार्गावरचे स्थानक या शहरातच असले तरी त्याच्या फलकावर ‘कोडरमा’ असे लिहिलेले आहे. मग हे नाव निवेदकांनी गमतीने रचले असावे, असे लोकांना वाटले तर नवल नाही. फर्माइशींसाठी छत्तीसगढमधले भाटापाराही तितकेच गाजलेले होते, तरी त्याची म्हण झाली नाही. माझ्या मते ‘झुमरी’ आणि ‘तलैया’ यांच्या ठेक्यानेच हा फरक पडला.

अमेरिकेत ‘पोडंक’ या नावाचे असेच झाले. तिथल्या कनेटिकट राज्यात पोडंक नावाची नदी आहे आणि तिच्या काठी त्याच नावाचे आदिवासी लोक राहत असत. १८४६ साली बफेलोच्या एका वृत्तपत्रात ‘पोडंकहून पत्रे’ अशी विनोदी लेखमाला आली आणि कोणत्याही कंटाळवाण्या गावाला पोडंक म्हणण्याची रीत रुळली.

मराठीत या जागी ‘आडगाव’ चालते, मात्र ते मुळात सामान्यनाम आहे, आडवाट किंवा आडरानासारखे. या नावाची खरी गावेही आहेत. त्यांपैकी नाशिकचे आडगाव मुंबई–आग्रा महामार्गालगत असून तिथे वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे ‘आडगावचा’ हे विशेषण तिथल्या माणसाला जपूनच लावावे. लेखनापुरते सांगायचे तर थट्टेच्या अर्थाने ‘झुमरीतलैया’ असे जोडून लिहावे, आणि प्रत्यक्ष शहराविषयी लिहिताना ‘झुमरी तिलैया’ असे.