वाचनालयाच्या जुन्या फोटोंसाठी सोपा डेटाबेस कोणता?

स्कॅन केलेले ४,००० फोटो, एक्सेलमधली यादी आणि एकच कॉम्प्युटर, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यासाठी मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस हे डेटाबेस सॉफ्टवेअर शिकत बसू नका. तिथे टेबलं, फॉर्म सगळं तुम्हालाच रचावं लागतं, आणि फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की नोंद आणि फोटोची ताटातूट होते. मी डिजिकॅम हे फोटो सांभाळायचं सॉफ्टवेअर घ्या म्हणेन. ते मोफत आहे, विंडोजवर चालतं आणि आतला एसक्यूलाइट डेटाबेस (कॉम्प्युटरवरच्या साध्या फाइलीत राहणारा) स्वतःच तयार करतं.

पहिला टॅग (शोधण्यासाठीचा शब्द) टाकण्याआधी सेटिंग्जमधल्या मेटाडेटा, म्हणजे फोटोविषयीच्या माहितीच्या विभागात जा आणि टॅग, मथळा, तारीख फोटोच्या फाइलमध्येच लिहिण्याचे पर्याय चालू करा. नाहीतर सगळी मेहनत डेटाबेसच्या एका फाइलीत अडकते. उद्या सॉफ्टवेअर बदललं की हातात नुसते फोटो उरतात.

मराठीत टॅग करताना एक खाचखळगा आहे. फोटोच्या फाइलमध्ये माहिती लिहिण्याच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीत एका कीवर्डला, म्हणजे टॅगला, ६४ बाइटच मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट खातं. ‘सावित्रीबाई फुले जयंती’ ६२ बाइटांत बसतं. ‘सावित्रीबाई फुले पुण्यतिथी’ ७४ होतं, म्हणजे ही मर्यादा काटेकोर पाळणारं सॉफ्टवेअर ते ‘पुण्य’पाशी तोडतं. एक्सएमपी या नव्या पद्धतीत अशी मर्यादा नाही, तरी व्यक्ती आणि प्रसंग हे दोन वेगळे टॅगच ठेवा. शोधायलाही तेच बरं पडतं.

तारखेचं बघा. स्कॅनरने फाइलवर घातलेली तारीख स्कॅनिंगच्या दिवसाची असते, त्यामुळे १९६२ चा फोटो आजच्या फोटोंत जाऊन बसतो. नुसतं सालच माहीत असेल तर १ जानेवारी घाला, पण मथळ्यात ‘दिवस-महिना अज्ञात’ हे न चुकता लिहा. पुढच्या माणसाला ती खरी तारीख वाटता कामा नये.

एक्सेलची यादी वाया जात नाही. ती सीएसव्ही (साध्या मजकुराची तक्ता-फाइल) म्हणून सेव्ह केली, की एक्झिफटूल हे मोफत साधन तिच्यातून माहिती थेट फोटोंमध्ये भरतं. आधी १० फोटोंच्या प्रतींवर करून बघा. नोंदणी क्रमांकाचा रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा, नाहीतर ००४२ चं ४२ होतं. सीएसव्ही ‘यूटीएफ-८’ (देवनागरी नीट साठवणारी पद्धत) म्हणूनच सेव्ह करा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

फोटो नेटवर्कवरच्या डिस्कवर चालतील, डेटाबेस मात्र कॉम्प्युटरच्या स्वतःच्याच डिस्कवर हवा. नेटवर्कवर एसक्यूलाइटची फाइल बिघडू शकते. बॅकअप घेताना आधी डिजिकॅम बंद करा.