कॅनडातल्या ऑन्टॅरिओत वकील न करता मानवी हक्क ट्रायब्युनलकडे (न्यायाधिकरणाकडे) तक्रार करता येते का?

करता येते. गरोदर असल्याचं सांगितल्यावर ब्रॅम्प्टनच्या वेअरहाऊसने पत्नीच्या शिफ्ट कापल्या आणि वकील परवडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ऑन्टॅरिओच्या कायद्यात गरोदरपणावरून केलेला भेदभाव हा लिंगावरून केलेला भेदभावच धरतात. अर्जाला फी नाही. फक्त मुदत सांभाळा: शेवटचा प्रकार घडल्यापासून एक वर्ष. मॅनेजर "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत राहिला तरी हे वर्ष सरतच असतं.

माझं प्रकरण कंबरेचं. जड उचलायचं नाही अशी डॉक्टरची चिठ्ठी दिली, तर हलकं काम द्यायचं सोडून मला घरी बसवलं. अर्ज मीच लिहिला, चांगला नऊ पानी! मॅनेजर कसा खेकसतो, सुट्ट्या कोणाला मिळतात, सगळं रामायण. मग ह्यूमन राइट्स लीगल सपोर्ट सेंटरला फोन लावला. २००८ पासून तक्रार थेट ट्रायब्युनलकडे जाते, आणि तक्रारदाराला फुकट कायदेशीर मदत मिळावी म्हणून हे सेंटर आहे. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "चिठ्ठी कधी दिली? घरी कधी बसवलं?" मधे दोनच दिवस होते. माझी बाकीची पानं त्या दोन दिवसांपुढे रद्दी. खेकसणारा मॅनेजर सगळ्यांवरच खेकसत असेल, तर ट्रायब्युनलला त्याच्याशी देणंघेणं नाही. तुमच्या अर्जातही गरोदरपणामुळे शिफ्ट कापल्या, हा धागा दिसला पाहिजे.

सेंटर सल्ला देतं, पण सुनावणीला प्रत्येकाच्या बाजूने उभं राहीलच असं नाही. परवानाधारक पॅरालीगलही (वकील नसलेला, पण ठरावीक कायदेशीर कामांचा परवाना असलेला माणूस) ट्रायब्युनलपुढे बाजू मांडू शकतो आणि साधारण वकिलापेक्षा स्वस्त पडतो. पैसे खर्च करण्याआधी हे लक्षात घ्या: जिंकलात तरी वकिलाची फी समोरच्याकडून मिळत नाही. हरलात तर त्यांची तुमच्या गळ्यात पडत नाही, आणि मला तरी हाच मोठा दिलासा वाटला होता.

माझं मेडिएशनमध्ये, म्हणजे मध्यस्थामार्फत तडजोडीत मिटलं. तिकडे कंपनीचा वकील, इकडे मी आणि माझी डायरी, मधे मेडिएटरची ये-जा. आकडा सांगता येणार नाही, तशी सही केलीय. वेळ मात्र फार गेला, तो धरूनच चाला.

वेअरहाऊस एखाद्या विमान कंपनीचं वगैरे असेल तर हा रस्ता नाही. विमान कंपन्या, बँका केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात, त्यांची तक्रार कॅनेडियन ह्यूमन राइट्स कमिशनकडे.

आणि पत्नीच्या ॲपमधले आधीचे-नंतरचे रोस्टर आजच स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या ईमेलवर टाका. मला घरी बसवलं त्याच संध्याकाळी माझं लॉगिन बंद झालं होतं.