वाचक विचारतात : जुन्या कॉमिक्समधल्या व्हिडिओ गेमच्या जाहिराती

नागपूरच्या सीताबर्डीचे जुन्या पुस्तकांचे ठेले, तालुक्याच्या गावचा रद्दीवाला आणि घरातली लोखंडी पेटी, या तीन ठिकाणांहून निघालेल्या कॉमिक्सबद्दल बरीच पत्रं आली. बहुतेकांना गोष्टीपेक्षा आतल्या जाहिरातींची ओढ आहे. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न : इंग्रजी कॉमिक्सचं एकच सुटं पान मिळालं. एका बाजूला अटारीच्या गेमची रंगीत जाहिरात, मागे गोष्टीचा तुकडा. मुखपृष्ठ नाही, तारीख नाही. साल कसं काढायचं? (दारव्हा, जि. यवतमाळ)

आधी मागची बाजू वाचा. पात्रांची नावं, पान क्रमांक, तळाला 'पुढच्या अंकात' अशी ओळ असेल तर ती, सगळं वहीत उतरवून घ्या. गोष्ट ओळखू आली की अंक सापडतो आणि अंकाबरोबर सालही.

मग जाहिरात बघा. अटारी या अमेरिकन कंपनीचं टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र १९७७ मध्ये आलं तेव्हा त्याचं नाव 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम' होतं. १९८२ च्या अखेरीस ५२०० हे नवं यंत्र आलं आणि जुन्याला '२६००' म्हणू लागले. त्यामुळे मोठ्या अक्षरात २६०० असेल तर पान १९८२ च्या आधीचं धरू नका. त्याच यंत्रावर पॅक-मॅन मार्च १९८२ मध्ये आला, ई.टी. डिसेंबर १९८२ मध्ये. कोलेकोव्हिजन हे दुसऱ्या कंपनीचं यंत्र ऑगस्ट १९८२ चं. त्याच्या खोक्यातच डाँकी काँग या गेमची कार्ट्रिज (यंत्रात खोचायची डबी) मिळे. १९८३ मध्ये अमेरिकेत हा धंदा कोसळला, म्हणून १९८४-८५ च्या अंकांत घरगुती गेमच्या जाहिराती विरळ दिसतात. निन्टेन्डो कंपनीचं एनईएस हे यंत्र १९८५ च्या अखेरीस न्यूयॉर्क भागात आणि १९८६ मध्ये देशभर विकायला आलं, तिथून पानं पुन्हा भरू लागली.

नव्वदीतली पानं जास्त बोलकी आहेत. सॉनिक २ या गेमच्या जाहिरातींत तो विक्रीला येण्याचा दिवस म्हणून २४ नोव्हेंबर १९९२ चा मंगळवार गाजवला होता, मॉर्टल काँबॅटच्या जाहिरातींत तसाच १३ सप्टेंबर १९९३ चा सोमवार. कोपऱ्यात ईएसआरबीचा (गेम कोणत्या वयासाठी हे ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचा) वयोगटाचा शिक्का असेल तर पान १९९४ नंतरचं. शिक्क्यात 'के-ए' (लहानांपासून मोठ्यांपर्यंत) असेल तर १९९४ ते १९९७, त्या जागी 'ई' (सर्वांसाठी) असेल तर १९९८ नंतरचं. फुकट फोनचा नंबर १-८८८ ने सुरू होत असेल तर मार्च १९९६ नंतरचं, कारण त्याआधी फक्त १-८०० होता.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे, या खुणा 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतात, कारण एकच जाहिरात महिनोन्‌महिने छापली जायची. उलट 'लवकरच येत आहे' असं म्हणणारी जाहिरात गेमच्या आधीची असते. दुसरी चूक मुखपृष्ठावरच्या महिन्याची. अमेरिकन अंक त्यावर छापलेल्या महिन्याच्या दोन-तीन महिने आधीच दुकानात येई. नाताळच्या खरेदीची जाहिरात फेब्रुवारी-मार्चच्या अंकात दिसली तर गोंधळू नका.

पान भारतीय असेल तर पत्ता बघा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे. इंग्रजी मजकुरात 'बॉम्बे' असेल तर बहुधा १९९५ च्या आधीचं (मराठीत मुंबई आधीपासूनच होती, तिथे ही खूण चालत नाही). मोबाइल नंबर असेल तर १९९५ नंतरचं. १८६७ च्या कायद्याप्रमाणे मुद्रक, प्रकाशक आणि त्यांची ठिकाणं छापावी लागत, म्हणून पूर्ण अंक असेल तर पहिल्या किंवा शेवटच्या पानाचा तळ तपासा.

प्रश्न : माझ्याकडे चाळीसेक अंक आहेत. फक्त गेमच्या जाहिराती कापून अल्बम करावा असं वाटतं. कशावर चिकटवू? (मेहकर, जि. बुलढाणा)

कृपा करून कापू नका. चिकटवणं तर त्याहून वाईट, कारण मागची बाजू कायमची झाकली जाते. वरच्या उत्तरात साल काढायला जी जी खूण वापरली, ती जाहिरातीच्या आजूबाजूला होती : मागचं पान, मुखपृष्ठ, किंमत, बारीक अक्षरातला प्रकाशनाचा तपशील. कापलेली जाहिरात म्हणजे सातबाऱ्याशिवायचं शेत. अंक तसाच ठेवा, जाहिरातींचे फोटो किंवा स्कॅन काढा आणि अल्बम त्यांच्या छापील प्रतींचा करा. प्रत्येक चित्राखाली अंकाचं नाव, क्रमांक, महिना आणि पान लिहा.

आधीच कुणी कूपन कापलं असेल तरी अंक फेकू नका. वहीत 'पान अमुक, खालचा उजवा कोपरा नाही' एवढी नोंद करा. विकताना ही गोष्ट आधी सांगावी लागते, कारण असा अंक अपूर्ण धरला जातो आणि भाव बराच उतरतो.

प्रश्न : जाहिरातीत अंतराळवीर, ड्रॅगन, स्फोट, प्रत्यक्ष गेममध्ये चार चौकोन. ही फसवणूक नव्हती का? (विद्यार्थी, आर्वी, जि. वर्धा)

यंत्राची ताकद समजून घेतली की चित्राचं कारण कळतं. अटारी २६०० मध्ये काम करायची स्मृती फक्त १२८ बाइट होती, म्हणजे या उत्तरातलं एक लांब वाक्यही तिच्यात मावणार नाही. पडद्याच्या आडव्या ओळीत जास्तीत जास्त १६० ठिपके आणि प्रत्येक खेळाडूची आकृती ८ ठिपके रुंद. तेवढ्यात तलवार आहे की काठी हे खेळणाऱ्यालाच ठरवावं लागे, आणि ते ठरवायला चित्रकाराचं मोठं रंगीत चित्र मदत करायचं. आमच्या मते ती चित्रं खेळाचाच भाग होती. तरी तक्रारीत तथ्य आहे. काही जाहिरातींत पडद्याचं चित्र म्हणून हाताने काढलेलं चित्र छापत आणि ते बनवलेलं असल्याची कबुली तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात देत. भिंग घेऊन तो तळ जरूर वाचा.

प्रश्न : तळहाताएवढं एक कॉमिक मिळालं, त्यावर 'अटारी फोर्स' लिहिलं आहे. ही जाहिरात की कॉमिक? (तुमसर, जि. भंडारा)

दोन्ही. १९७६ पासून अटारी कंपनी वॉर्नर या अमेरिकन मनोरंजन कंपनीच्या मालकीची होती आणि डीसी कॉमिक्सही वॉर्नरचीच. मग १९८२ पासून डीसीने काढलेली पाच छोटी कॉमिक्स गेमच्या खोक्यात घालून दिली गेली : डिफेंडर, बर्झर्क, स्टार रेडर्स, फीनिक्स आणि गॅलेक्सियन यांच्याबरोबर एकेक.

'स्वोर्डक्वेस्ट' या अटारीच्या चार गेमच्या मालिकेतलं कॉमिक मिळालं तर जास्तच जपा. त्या मालिकेत कॉमिकच्या चित्रांत बक्षिसाच्या खुणा लपवल्या होत्या. अर्थवर्ल्ड (१९८२) जिंकणाऱ्याला २५,००० डॉलरचं पदक, आणि चारही भाग झाल्यावर ५०,००० डॉलरची तलवार मिळणार होती. चौथा एअरवर्ल्ड त्या काळी निघालाच नाही आणि स्पर्धा अर्धीच राहिली. म्हणून यातल्या कॉमिकवर कुणी पेन्सिलने खुणा केल्या असतील तर त्या पुसू नका. कोणीतरी कोडं सोडवत बसल्याचा तो पुरावा आहे.

प्रश्न : घराला टिनाचं छप्पर, उन्हाळ्यात कूलर, पावसाळ्यात ओल. शिवाय कसर आणि उधई. अंक कुठे ठेवू? (चिमूर, जि. चंद्रपूर)

आतली पानं स्वस्त न्यूजप्रिंटची. त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. ऊन आणि उष्णता लागली की ते तपकिरी पडतं, आम्ल तयार होतं आणि पान पापडासारखं तुटतं. म्हणून टिनाखालचा माळा सगळ्यात वाईट जागा. त्याखालोखाल वाईट म्हणजे कूलरची खोली. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा वारा थंड असला तरी ओला असतो, एप्रिल-मेमध्ये तिथली आर्द्रता पावसाळ्यासारखी होते. घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर, दोन विटांवर फळी आणि फळीवर लोखंडी पेटी अशी मांडणी करा. उधई जमिनीतून भिंतीच्या आधाराने चढते, त्यामुळे पेटी भिंतीला टेकली की विटांचा उपयोग संपला. ज्या खोलीत वेचणीचा कापूस साठवता तिथे पेटी नको. तिथे धूळ आणि ओल दोन्ही असतात.

प्रत्येक अंक बीओपीपीच्या (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकच्या) पारदर्शक पिशवीत घाला. ऐंशीच्या दशकातला अमेरिकन अंक साधारण १७ × २६ सेंमी असतो, पिशवी प्रत्येक बाजूने एक सेंमी मोठी घ्या. मऊ, वास येणारी पीव्हीसी पिशवी टाळा, तिच्यातलं तेलकट द्रव्य शाईला चिकटतं. ओळखायची युक्ती : सोललेली तांब्याची तार पकडीत धरून हिरवी ज्योत जाईपर्यंत तापवा, गरम टोक पिशवीच्या तुकड्याला लावा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे अंगणात करा, धूर घेऊ नका. मोटर वाइंडिंगची तार असेल तर तिच्यावरचं इनॅमल आधी पूर्ण जाळून घ्या.

कसर लागलेले अंक पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड होत नाही, आणि लोडशेडिंग असलं की मोजणी बिघडते. आइस्क्रीमवाल्याचा फ्रीझर मिळाला तर उत्तम. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं. डांबरगोळ्या अंकाला टेकवून ठेवू नका. कडुनिंबाचा पाला ओलसर राहिला तर पानावर डाग पडतात.

छप्पर गळून अंक भिजला तर घाई हवी. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ चकचकीत लेपाच्या कागदाचे असतात, आणि गेमच्या बऱ्याच चांगल्या जाहिराती तिथेच असतात. हा लेप ओला असताना एकमेकांना टेकून वाळला की पानं कायमची चिकटतात. ओली असतानाच अंक हळूच उघडा, चकचकीत पानांमध्ये बटर पेपर आणि आतल्या पानांमध्ये कोरा न छापलेला कागद घाला, पंख्याखाली सपाट ठेवा, कागद दर दोन तासांनी बदला. ४८ तासांत वाळला नाही तर बुरशी धरते. उन्हात मात्र टाकू नका.

प्रश्न : जाहिरातीचं पान मधोमध फाटलं आहे. चिकटपट्टी लावू का? (दर्यापूर, जि. अमरावती)

नाही. पट्टीचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. लाकडाला लावायचा पांढरा गोंदही नको, तोही नंतर सुटत नाही.

कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढता तसाच काढा, पण मीठ-हिंग न घालता, आणि वरचं पाणी रोज बदलून आंबट वास पूर्ण जाईपर्यंत. खाली बसलेलं पांढरं सत्त्व वाळवून ठेवा. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर १५ ते २० मिनिटं सतत ढवळा. खळ पारदर्शक झाली की उतरवा, थंड करून मलमलीतून गाळा आणि पाणी घालून सायीएवढी पातळ करा. मैद्याची खळ करू नका, त्यातलं ग्लूटेन कडक होतं आणि किड्यांना आवडतं. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहेच, शिवाय तांबं कागद लवकर कुजवतं.

फाटलेल्या कडा जुळवून, जाहिरातीच्या नव्हे तर मागच्या बाजूने, पातळ टिश्यू कागदाची अर्धा सेंमी रुंद पट्टी लावा. पट्टी कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडा, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड दिसत नाही. वर बटर पेपर, त्यावर जाड पुस्तक, एक रात्र. खळ जास्त झाली की पान सुरकुततं, कमी झाली की पट्टी सुटते; आधी रद्दीच्या पानावर हात बसवा.

प्रश्न : ऑनलाइन विकत घेतलेलं पान खरं की नवी प्रत, कसं कळेल? (खामगाव, जि. बुलढाणा)

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं भिंग घ्या. जुन्या छपाईत निळे, गुलाबी, पिवळे ठिपके ठरावीक रांगांत असतात. इंकजेटमध्ये रंग फवाऱ्यासारखा विखुरलेला दिसतो, लेझर प्रतीत शाई कागदावर चकचकते. दुसरी तपासणी नोटा बघायच्या जांभळ्या टॉर्चने अंधारात करा : आजचा पांढरा कागद निळसर उजळतो, जुनं न्यूजप्रिंट उजळत नाही. ही कसोटी आतल्या पानांनाच लावा, चकचकीत मुखपृष्ठाला नाही. चहात बुडवून जुनं केलेलं पान सगळीकडे सारखं तपकिरी असतं. खरं पान कडेला गडद आणि आत फिकट होत जातं.

प्रश्न : स्कॅन किती डीपीआयवर करावं? (वाशीम)

६०० वर (डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके), रंगीत, टिफ किंवा पीएनजीमध्ये. पानामागे काळा कार्डबोर्ड ठेवा, नाहीतर मागची छपाई झिरपून दिसते. यंत्राची आपोआप रंग सुधारणारी सोय बंद करा. ३०० वर थेट स्कॅन केलं तर ठिपक्यांमुळे जाळीदार लाटा उमटू शकतात. ६०० वर करून मग छोटी प्रत काढा. एका पानाची टिफ फाइल सुमारे ७४ एमबी होईल. अंक जबरदस्तीने सपाट दाबू नका, पिनांपाशी पान सुटतं.

प्रश्न : जाहिरातीतलं कूपन अजून कोरं आहे. भरून त्या पत्त्यावर पाठवलं तर काही येईल का? (पुसद, जि. यवतमाळ)

नाही येणार. अटारीचा घरगुती विभाग जुलै १९८४ मध्येच विकला गेला आणि बहुतेक कूपनांच्या तळाशी मुदत छापलेली असते. गेममध्ये ठरावीक गुण केल्याचा फोटो पाठवला की कापडी बिल्ला मिळण्याची ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीची योजनाही (तिच्या पिटफॉल गेमसाठी २०,००० गुण) केव्हाच संपली. कूपन कोरं ठेवा. त्यावर पेनाने नाव तर सोडाच, बरोबरची खूणही करू नका.