वाचकांचे प्रश्न : आधी गेमची यादी, मग विंडोज की लिनक्स

प्रश्न : घरी आय५-७४००, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय असा संगणक आहे. विंडोज ११ त्यावर बसायला नकार देतं. मुलगा व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. सरळ लिनक्स टाकावं का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : व्हॅलोरंट सुटत नाही तोवर नको. त्या खेळातली लबाडी पकडणारा व्हॅनगार्ड हा प्रोग्रॅम विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, ठाण मांडून बसतो. तो लिनक्ससाठी निघालेलाच नाही, आणि विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन इथे हात टेकतं. फोर्टनाइटचंही तेच. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालायचं, पण २०२४ मध्ये त्यांनी ते दार लावून घेतलं. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ लिनक्सवर थेट चालतात. एकट्याने खेळायच्या गेमना सहसा अडचण येत नाही, तरी कुठला गेम प्रोटॉनवर कसा चालतो ते सांगणाऱ्या प्रोटॉनडीबी या साइटवर एकेक नाव टाकून बघा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट्सची योजना आहे, पण तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि तुमचा प्रोसेसर सातवीतला, म्हणून ते अडतं. रुफस या प्रोग्रॅमने विंडोज ११ टाकायचा पेन ड्राइव्ह बनवताना ही तपासणी वगळता येते. मात्र पुढच्या मोठ्या आवृत्त्या आपोआप येतील याची खात्री धरू नका.

तेवढ्याने भागतही नाही. विंडोज ११ वर व्हॅनगार्ड टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीची प्रणाली उघडू देणारी सोय) दोन्ही मागतो. नसतील तर खेळ सुरूच होत नाही. टीपीएमसाठी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये, 'इंटेल पीटीटी' चालू करा. सिक्युअर बूटपाशी मात्र बरेचजण फसतात. आधी सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बायोस मोड' बघा. 'लेगसी' असेल तर डिस्क बहुधा जुन्या एमबीआर मांडणीची आहे. बॅकअप घ्या, विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटीने डिस्कची मांडणी जीपीटीत बदला, आणि त्यानंतरच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होण्याची सोय) बंद करून सिक्युअर बूट लावा. क्रम उलटा केला तर बायोसला बूट करायला काही सापडत नाही. डेटा जात नाही, सीएसएम परत चालू केलं की विंडोज उघडतं. पण तोवर घाम फुटतो.

प्रश्न : टीव्हीला इंटेल एन१०० प्रोसेसरचा छोटा पीसी जोडून कोडी या प्लेयरवर सिनेमे बघतो. कॅमेरा आडवा फिरला की चित्र गचके खातं. विंडोज काढून लिब्रेइलेक (फक्त कोडी चालवणारं छोटं लिनक्स) टाकलं तर थांबेल का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : गचक्यांचा विंडोजशी संबंध बहुधा नाही. सिनेमा सेकंदाला २३.९७६ चौकटींचा आणि टीव्हीला सिग्नल जातोय ६० हर्ट्झचा. मग एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी दाखवावी लागते. संथ आडव्या दृश्यात ते लंगडणं लगेच डोळ्यांत येतं. कोडीत खाली डावीकडच्या चक्रावरून पातळी 'एक्स्पर्ट' करा. प्लेयर, व्हिडिओज यात 'अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' ला 'ऑन स्टार्ट/स्टॉप' द्या. टीव्ही हर्ट्झ बदलताना क्षणभर काळा होतो आणि पहिला संवाद हुकतो. सिस्टिम, डिस्प्लेमधला बदलावेळचा थांबा दोन-तीन सेकंदांचा ठेवा. तिथल्याच व्हाइटलिस्टमध्ये (कोडीला वापरू दिलेल्या रिफ्रेश रेटच्या यादीत) काही निवडून ठेवलं असेल तर २३.९८ त्यात आहे ना, तेही बघा. नसेल तर कोडी तिकडे वळतच नाही.

तरीही फक्त हार्ड डिस्कवरचेच सिनेमे बघत असाल तर लिब्रेइलेक टाकाच. सुरू केलं की थेट कोडी, अपडेटची मधेच लुडबुड नाही. एन१०० ला एचईव्हीसी आणि एव्ही१ हे दोन्ही व्हिडिओ प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडता येतात. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणकाकडे एव्ही१ साठी ती सोय नाही. एक गोष्ट पायची सरस : टीव्हीच्याच रिमोटवर कोडी चालवणारं सीईसी त्यात आहे, पीसीत ते सहसा नसतं.

नेटफ्लिक्स आणि तत्सम सेवा मात्र टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरच बघा. लिनक्सच्या ब्राउझरवर त्या ४के देत नाहीत, आणि त्यासाठी विंडोज पोसण्यात अर्थ नाही. आवाज साउंडबारला टीव्हीमार्फत जात असेल तर साध्या एआरसीवरून (टीव्हीतून आवाज बाहेर नेणारी एचडीएमआयची सोय) डॉल्बी डिजिटल जाईल, डॉल्बीचाच वरच्या दर्जाचा ट्रूएचडी नाही. त्याला ईएआरसी ही सुधारित सोय हवी, किंवा पीसीची केबल थेट रिसीव्हरला.

प्रश्न : एकाच पीसीवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलंय. स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम विंडोजच्या डी ड्राइव्हवर आहेत. लिनक्समध्ये 'प्ले' दाबलं की बटण फिरून पुन्हा 'प्ले'च होतं.
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : डी ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइल पद्धतीचा असणार. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी 'कॉम्पॅटडेटा' फोल्डरमध्ये 'सी:' नावाचा दुवा तयार करतं, आणि त्यातला अपूर्णविराम (:) विंडोजला फाइलच्या नावात चालत नाही. कधी लिनक्सकडून तो दुवा बनतच नाही, कधी बनतो आणि विंडोज पुढच्या वेळी डिस्क तपासायला बसतं. शिवाय फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज ड्राइव्ह पुरता सोडत नाही आणि लिनक्सला तो फक्त वाचता येतो. ते बंद कराच, पण गेमसाठी एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीचं वेगळं पार्टिशन काढा. पुन्हा डाउनलोड नको असेल तर नव्या ड्राइव्हवर स्टीमची लायब्ररी बनवा, 'स्टीमअ‍ॅप्स'मधल्या 'कॉमन' फोल्डरातून गेमचा फोल्डर तिथल्या 'कॉमन'मध्ये कॉपी करा आणि मग 'इन्स्टॉल' दाबा. स्टीम असलेल्या फाइल तपासून जेवढं कमी पडतं तेवढंच उतरवतं.